नळीवरचे नाव आणि नळीतला जीवाणू

घरातले दही नासले, किंवा रात्री कोणी भांडे तळापर्यंत पुसून संपवले, की सकाळी वाटी घेऊन शेजारी जावे लागते. शेजारणीकडे विरजण कुठून आलेले असते? पुष्कळदा आपल्याच घरून, मागच्या महिन्यात. म्हणजे आपण दुसऱ्याला दिलेले विरजण हीच आपली राखीव ठेव ठरते. हा व्यवहार इतका रोजचा आहे की त्यात काही विचार करण्यासारखे आहे असे वाटतच नाही. अन्नातून होणाऱ्या रोगांच्या जीवाणूंवर काम करणाऱ्या आम्हा मंडळींना मात्र तो अजून नीट जमलेला नाही. या लेखातली तक्रार एवढीच आहे, आणि ती इतरांविषयी आहे तितकीच आमच्याविषयीही आहे.

आधी एक शब्द पक्का करून घेऊ. शाळेच्या पुस्तकात ई. कोलाय, साल्मोनेला ही नावे येतात आणि शेजारी कांडीसारखे एक चित्र असते. त्यामुळे साल्मोनेला म्हणजे एकच एक वस्तू, असा समज होतो. पण मालदांडी ज्वारी आणि संकरित ज्वारी या दोन्ही ज्वारीच असल्या तरी शेतकरी त्यांना एक मानत नाही. जीवाणूंचेही तसेच. आपल्या आतड्यात निमूटपणे राहणारा ई. कोलाय आणि लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी करू शकणारा ओ१५७:एच७ हा ई. कोलाय, दोघांची जात एकच, वाण वेगळे. प्रयोगशाळेत कोणीही नुसत्या 'ई. कोलाय'वर काम करत नाही. अमुक दिवशी, अमुक रुग्णाच्या शौचातून किंवा अमुक पदार्थातून वेगळा केलेला, क्रमांक दिलेला एक वाण असतो, आणि सगळी निरीक्षणे त्या वाणाची असतात. निबंध छापताना आपण वाणाचे नाव लिहितो. वाचणारा ते नाव वाचून समजतो की आपल्याकडच्या नळीतही तेच आहे.

खरी गडबड इथे होते.

१९२०च्या दशकात केंब्रिजच्या प्रयोगशाळेत पाळलेले ससे आणि गिनीपिग अचानक मरू लागले. ई. जी. डी. मरे आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी त्यांच्यातून एक जीवाणू वेगळा काढला आणि १९२६ साली त्याचे वर्णन छापले. आज आपण त्याला लिस्टेरिया मोनोसायटोजिनस म्हणतो. मऊ चीज, शिजवून थंड ठेवलेले मांसाचे पदार्थ यांतून तो पोटात जातो. फ्रिजमधल्या थंडीतही तो सावकाश वाढत राहतो, ही त्याची मोठी खोड. गरोदर स्त्रिया, नवजात बालके आणि वृद्ध यांना त्याचा धोका फार. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ साली पोलोनी नावाच्या खायला तयार मांसपदार्थातून त्याची साथ आली. तिच्यात हजाराहून अधिक लोक आजारी पडले आणि दोनशेहून अधिक मेले. म्हणजे हा जीवाणू पेशीत कसा शिरतो, कोणत्या जनुकांमुळे शिरतो, हे प्रश्न नुसत्या कुतूहलाचे नाहीत.

मरे यांच्या नावाची आद्याक्षरे घेऊन एका वाणाला 'ईजीडी' म्हणू लागले. शरीरातल्या पेशी आत शिरलेल्या जीवाणूशी कशा लढतात, यावरचे मॅकनेस यांचे १९६०च्या दशकातले गाजलेले काम याच नावाच्या वाणावर झाले. पुढे तो या प्रयोगशाळेतून त्या प्रयोगशाळेत गेला. 'ईजीडी-ई' या नावाच्या शाखेचा संपूर्ण जनुकसंच २००१ साली प्रसिद्ध झाला. कोणी निबंधात ईजीडी लिहिले, कोणी ईजीडी-ई. वाचणाऱ्यांच्या मनात दोन्ही एकाच घरातले.

२०१४ साली ईजीडीचाही जनुकसंच वाचून छापण्यात आला आणि तो ईजीडी-ई व १०४०३-एस या तिसऱ्या प्रचलित वाणाशी ताडून पाहण्यात आला. ईजीडी आणि ईजीडी-ई यांच्यात डीएनएच्या २९,०१६ अक्षरांचा फरक निघाला. उलट ज्याचे नावही जुळत नाही तो १०४०३-एस ईजीडीपासून फक्त ३१७ अक्षरे दूर. म्हणजे नावाने सख्खे वाटणारे प्रत्यक्षात दूरचे, आणि परके वाटणारे जवळचे! शिवाय ईजीडीमध्ये एक बदल असा होता की रोगकारक जनुकांना चालू-बंद करणारे बटण कायमचे चालू स्थितीत अडकलेले. त्यामुळे तो मांसरसात हळू वाढतो, पण मानवी पेशींत जोमाने शिरतो.

आता कल्पना करा. एक प्रयोगशाळा म्हणते, हा जीवाणू पेशीत सहज शिरतो. दुसरी म्हणते, आमच्याकडे तसे दिसत नाही. दोघींनीही प्रामाणिकपणे काम केलेले आहे, मोजमापे बरोबर आहेत. वाद घालण्यात वर्षे जातात, आणि वादाचे कारण नळीवरच्या चिठ्ठीत असते. हा निबंध आम्ही नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात वाचायला देतो. त्याचा मोठा गुण हा की सगळ्यांनी वापरलेल्या वस्तूवर, म्हणजे वाणाच्या ओळखीवर, त्याने शंका घेतली. पण त्याने दुरुस्त केले ते पुढचे. मागे छापलेले शेकडो निष्कर्ष जसेच्या तसे ग्रंथालयात आहेत आणि त्यांतला ईजीडी नक्की कोणता, हे निबंध वाचून कळत नाही. त्या वेळची नळी कोणी जपून ठेवली असेल तरच ते कळेल.

इथे चिठ्ठीची अदलाबदल झाली. पण चिठ्ठी बरोबर असली तरी आतला जीवाणू बदलू शकतो, आणि हे समजायला थोडा हिशोब पुरतो. (आठवीच्या वर्गातही तो करता येईल.) एका जीवाणूचे दर वीस मिनिटांनी दोन होतात असे धरू. दहा तासांत तीस वेळा दुप्पट. म्हणजे शंभर कोटींच्या वर. ई. कोलायसारख्या जीवाणूत दर विभाजनाला साधारण हजारात एका पेशीत डीएनएची एखादी नवी चूक होते. म्हणजे एका रात्रीच्या वाढीनंतर नळीत लाखो पेशी मूळच्यापेक्षा किंचित वेगळ्या असतात. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. पण नळीतले जगणे म्हणजे घरजावयाचे जगणे. अन्न तयार, ऊब तयार, शत्रू कोणी नाही. पोहण्यासाठी शेपूट चालवायला लागणारी शक्ती इथे वाया जाते. आतड्यातल्या आम्लाशी झगडण्याची तयारी इथे निरुपयोगी. ज्या पेशीने हा खर्च टाळला ती किंचित पुढे जाते. दर आठवड्याला जुन्या नळीतून नव्या नळीत थोडे थोडे नेत राहिले, तर काही वर्षांनी नळीत आरामात राहण्यात पटाईत, पण रोग निर्माण करण्यात कच्चा असा जीवाणू उरतो. त्यात आम्ही ताटलीवर एकच वसाहत उचलतो. एक वसाहत म्हणजे एका पेशीचा वंश. ती पेशी बदललेली असली, तर पुढचे सगळेच बदललेले.

हे पुस्तकी भय नव्हे. जगात जुलाबाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या जीवाणूजन्य कारणांपैकी एक म्हणजे कॅम्पायलोबॅक्टर. इंग्लंडमधल्या वूस्टर येथे मार्टिन स्किरो यांनी १९७७ साली एका रुग्णापासून मिळवलेला त्याचा वाण लंडनच्या राष्ट्रीय संग्रहात एनसीटीसी १११६८ या क्रमांकाने ठेवला गेला आणि त्याचा जनुकसंच २००० साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. आता या जीवाणूचे सगळे गुपित उघड होणार, अशी अपेक्षा. पण ज्याचा जनुकसंच वाचला तो वाण कोंबडीच्या एका दिवसाच्या पिल्लांना पाजला तर त्यांच्या आतड्यात तो धड टिकेचना! आणि कोंबडीचे आतडे हेच तर त्याचे घर. सुदैवाने मूळ रुग्णाकडून आलेली वाढ फारशी न हाताळता जपलेली होती. २००४ साली दोन्हींची तुलना छापली गेली. मूळचा वाण पिल्लांत उत्तम वसत होता, जास्त चपळ होता, दिसायलाही वेगळा होता. त्या वेळच्या ओळखचाचण्यांत मात्र दोघांत फरक सापडला नाही. क्रमांक तोच, वंश तोच, वागणूक वेगळी.

हल्ली एक मत वरचेवर ऐकू येते, की डीएनएची संपूर्ण अक्षरे संगणकात आहेत, मग नळ्या सांभाळण्याचा खटाटोप हवा कशाला? एनसीटीसी १११६८चा अनुभव हे त्याला उत्तर आहे. संगणकातली फाइल पिल्लाला पाजता येत नाही. अक्षरांवरून शंका घेता येते. शंका खरी की खोटी हे जीवाणूलाच विचारावे लागते. शिवाय फाइल ज्या नळीवरून केली ती नळीच बदललेली होती, हे मूळ नळी असल्यामुळेच कळले.

साल्मोनेलाचा एलटी२ हा वाणही याच रांगेतला. एका जीवाणूची जनुके विषाणू दुसऱ्या जीवाणूत नेऊन सोडतो, हा १९५२ सालचा झिंडर आणि लेडरबर्ग यांचा शोध त्याच्या घराण्यावर लागला. एखादे रसायन डीएनए बिघडवते का हे पाहण्याच्या ब्रूस एम्स यांच्या चाचणीतले वाणही त्याचेच वंशज. पण उपासमार, आम्ल अशा संकटांत जीवाणूला तारणाऱ्या एका जनुकाच्या पहिल्याच शब्दात त्याच्याकडे बिघाड आहे आणि त्यामुळे उंदरात तो दुबळा ठरतो, हे छापून आले १९९७ साली. आनुवंशिकीसाठी तो उत्तम. रोगासाठी वापरताना सावध राहावे असा.

मग जपायचे कसे? याचे तंत्र अवघड नाही. वाण मिळाल्याबरोबर, फार पिढ्या न जाऊ देता, त्याच्या पुष्कळ सारख्या कुप्या एकदम करून ठेवायच्या. दूध-साखरेसारख्या द्रावणात मिसळून गोठवून निर्वातात वाळवायचे आणि काचेची कुपी वितळवून बंद करायची. किंवा ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशाला ठेवायचे. त्यांतल्या काही कुप्यांना हात लावायचा नाही. रोजच्या कामासाठी दुसऱ्या कुप्या. त्या संपल्या की राखीव कुपीतून पुन्हा नवा संच. आणि चिठ्ठीवर नावाखेरीज तारीख, कुणाकडून आला, कितव्यांदा वाढवला, हे लिहायचे. शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त, आणि तीच सर्वांत जास्त टाळली जाते.

नीट जपले तर काय हाती लागते, याची दोन उदाहरणे आम्हाला फार आवडतात. लंडनचा तो राष्ट्रीय संग्रह १९२० साली सुरू झाला. त्यातला क्रमांक १ म्हणजे पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये १९१५ साली हगवणीने मेलेल्या अर्नेस्ट केबल या ब्रिटिश सैनिकाकडून मिळालेला शिगेलाचा जीवाणू. २०१४ साली त्याची वाळवलेली कुपी उघडून तपासणी प्रसिद्ध झाली, तर तो पेनिसिलिनला दाद देत नव्हता. पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ साली! म्हणजे प्रतिजैविकांना न जुमानण्याचे काही गुण औषधे येण्याआधीच निसर्गात होते.

दुसरे उदाहरण त्याच मरे यांचे. १९१७ ते १९५४ या काळात त्यांनी आतड्यातल्या जीवाणूंचे शेकडो वाण जमवले, त्यांत भारतातलेही होते, आणि बंद नळ्यांत ठेवून दिले. त्यांना प्लास्मिड हा शब्दही तेव्हा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. १९८३ साली व्हिक्टोरिया ह्यूज आणि नाओमी दत्ता यांनी त्यांतले ४३३ वाण तपासले. एका जीवाणूतून दुसऱ्यात जाणारी प्लास्मिडे त्यांत भरपूर होती. औषधांना दाद न देणारी जनुके मात्र त्या प्लास्मिडांवर जवळपास नव्हती. गाड्या जुन्याच, आपण औषधे वापरू लागल्यावर त्यांत हा माल चढला. आधीचे उदाहरण आणि हे एकत्र वाचले म्हणजे चित्र पुरे होते. हातोहात फिरलेल्या वाणात मरे यांच्या नावाची अक्षरे उरली पण ओळख गेली. बंद नळीत राहिलेल्यांनी ती तीस-साठ वर्षांनंतरही सांगितली.

मात्र नुसते बंद करून ठेवणे म्हणजे जपणे नव्हे. मरे यांच्या नळ्या दुसऱ्यांच्या हाती गेल्या म्हणून उपयोगी पडल्या. २०११च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत रक्ती जुलाबाची साथ आली. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, मग कळले की इजिप्तमधून आलेल्या मेथीदाण्यांचे कोवळे मोड हे कारण. (आपल्याकडे मोड शिजवून, निदान वाफवून खाण्याची रीत आहे, ती किती शहाणपणाची!) सुमारे ३,८०० लोक आजारी पडले, ५० हून अधिक मेले. जीवाणू होता ई. कोलाय ओ१०४:एच४. त्याच्या जनुकसंचाची माहिती जूनच्या पहिल्या आठवड्यातच जगापुढे मोकळी ठेवली गेली आणि अनेक देशांतल्या लोकांनी ती आपापल्या ठिकाणी जुळवायला घेतली. याचे कौतुक खूप झाले आणि ते योग्यच. पण ताडून पाहायचे कशाशी? म्युन्स्टर विद्यापीठातल्या संग्रहात त्याच प्रकारचा २००१ सालचा एक वाण होता. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या एका रुग्णाकडून मिळालेला, विष न करणारा एक नातेवाईक वाण पॅरिसच्या संशोधकांनी आधीच वाचून ठेवलेला होता. त्यांच्या शेजारी ठेवल्यावर समजले की आतड्याला चिकटून राहणाऱ्या या घराण्यात एका विषाणूने विषाचे जनुक आणून सोडले आहे. दहा वर्षे एक कुपी कोणी 'उगाच जागा अडवते' म्हणून टाकली नाही, त्याचा हा लाभ. वर्तमानपत्रांत कुपीचे नाव आले नाही.

आता आमची मुख्य हरकत. जीवाणूची नवी जात जाहीर करायची असेल तर तिचा प्रारूप वाण किमान दोन वेगळ्या देशांतल्या सार्वजनिक संग्रहांत ठेवावा लागतो. नाहीतर नाव ग्राह्य धरत नाहीत. नामकरणासाठी इतकी काळजी. पण अमुक जीवाणू मुलांना कसा मारतो यावर निबंध लिहिला, तर वाण संग्रहात ठेवलाच पाहिजे अशी सर्वसाधारण सक्ती नाही. चांगली नियतकालिके 'मागितल्यास द्यावा' अशी अट घालतात. ही अट निबंध छापताना मान्य होते आणि पत्र आल्यावर विसरली जाते. विद्यार्थी पदवी घेऊन गेलेला असतो, नळ्या कोणत्या खोक्यात आहेत ते त्यालाच ठाऊक. मुख्य संशोधक निवृत्त होतो, खोली दुसऱ्याला मिळते, फ्रीझर रिकामा केला जातो. शिवाय, खरे सांगायचे तर, आणखी दोन निबंध होतील तोवर हा वाण आपल्याकडेच असू द्यावा, हा मोहही असतो. आमच्याकडे आलेल्या अशा पत्रांना आम्ही सगळ्यांना वेळेवर उत्तर दिले आहे, असे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून चालणार नाही. रोगजंतू असे वाटत सुटले तर ते कोणाच्याही हाती पडतील. पडले आहेतही. पुण्याच्या कोरेगाव पार्कातून १९८१ साली अमेरिकेत गेलेल्या रजनीशांच्या अनुयायांनी ओरेगॉन राज्यात वसाहत केली होती. तिथल्या काही मंडळींनी १९८४च्या शरद ऋतूत, स्थानिक निवडणुकीवर परिणाम व्हावा म्हणून, द डॅल्स या गावातल्या उपाहारगृहांतल्या सॅलडमध्ये साल्मोनेला मिसळला. ७५१ लोक आजारी पडले. सुदैवाने कोणी मेले नाही. तो जीवाणू कुठून आणला? वैद्यकीय साहित्य विकणाऱ्याकडून रीतसर विकत घेतलेला एटीसीसी १४०२८, म्हणजे चाचण्या बरोबर चालल्या आहेत की नाही हे पाहायला प्रयोगशाळा वापरतात तोच वाण. पण याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की पुढच्या वर्षी वसाहतीच्या प्रयोगशाळेत सापडलेली वाढ रुग्णांच्या जीवाणूंशी ताडता आली, कारण रुग्णांचे जीवाणू सरकारी प्रयोगशाळेने ठेवून दिले होते. म्हणून कोणाला दिले, किती दिले, कशासाठी दिले याची नोंद हवी. तीन आवरणांचे खोके हवे. ओ१५७सारख्या वाणाची वाढ विमानाने पाठवताना लागणारे अधिक कडक नियमही हवेत. नोंद ठेवून देणे आणि मुळीच न देणे, यांतला फरक मात्र विसरू नये. आपल्याकडे २००२चा जैवविविधता कायदा आहे. परदेशी संशोधकाला इथला जीवाणू संशोधनासाठी घ्यायचा तर राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागते. आपली संपत्ती फुकट लुटली जाऊ नये हा हेतू रास्त आहे. पण कित्येक ठिकाणी हाच कायदा शेजारच्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेला नकार द्यायलाही पुढे केला जातो, आणि त्यासाठी तो केलेला नाही. वाण ठेवायला जागा नाही असेही म्हणता येत नाही. पुण्यात आणि चंडीगडला राष्ट्रीय संग्रह आहेत. साल्मोनेलाचा प्रकार ओळखून देणारे केंद्र कसौलीला आहे.

आमचीच एक गोष्ट सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी एका वसतिगृहात रात्रीच्या जेवणानंतर बरीच मुले आजारी पडली. नमुने आमच्याकडे आले. आम्ही साल्मोनेला वेगळा केला, अहवाल दिला, 'साल्मोनेला आढळला' असे लिहिले आणि रीतीप्रमाणे ताटल्या वाफेच्या दाबपात्रात टाकून निर्जंतुक केल्या. दोन नळ्या मात्र एका विद्यार्थिनीने स्वतःच्या कामासाठी ठेवल्या होत्या. पुढच्या उन्हाळ्यात वीज गेली, फ्रीझर शनिवार-रविवार बंद राहिला आणि त्या नळ्यांसह खोकीच्या खोकी वाया गेली. त्यानंतर वर्षाच्या आत दुसऱ्या तालुक्यात तसाच प्रकार घडला. दोन्हीकडे माल पुरवणारा एकच होता, म्हणून तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी अगदी नेमका प्रश्न विचारला: मागचा जीवाणू आणि हा एकच का? उत्तर आमच्याजवळ नव्हते. मग त्या विद्यार्थिनीला आठवले की फ्रीझर बिघडण्याआधी तिने एक नळी दुसऱ्या राज्यातल्या मैत्रिणीला तिच्या प्रयोगासाठी पाठवली होती. आम्ही पत्र लिहिले. पंधरा दिवसांनी खोके आले. आत आमच्याच प्रयोगशाळेची नळी, आमच्याच शाईने लिहिलेली चिठ्ठी. तिच्यावर 'साल्मो. वसतिगृह २' एवढेच होते. तारीख नव्हती, कोणत्या मुलाची किंवा कोणत्या पदार्थातली तेही नव्हते, आणि त्या हंगामात आम्ही दोन वसतिगृहांचे नमुने तपासले होते.